पाळी थांबली, जेवण कमी झालं, मार्क मात्र उत्तम: नववीतल्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. जूनमध्ये "हेल्दी खायचं" म्हणून बाहेरचं बंद केलं, मग गोड, मग तूप-तेल, मग भात, आता पोळीही. सात महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. चार महिने पाळी नाही. सोनोग्राफीत पीसीओडीसारखं (अंडाशयात अनेक लहान पिशव्या) दिसतंय म्हणून गोळ्या मिळाल्या आणि वजन ताब्यात ठेवायला सांगितलं. वर्गात पहिली, रोज पहाटे उठून दोरीवरच्या उड्या. जेवायला बोलावलं की "पोट भरलंय", "गॅस होतो". आजी म्हणते, वयच असं असतं, निघून जाईल. आईने विचारलंय: हे नेमकं काय आहे, आणि वार्षिक परीक्षा होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

ताई, थांबू नका. परीक्षेपर्यंतच काय, पुढच्या सोमवारपर्यंतही नको. तुम्ही लिहिलेल्या खुणा एकत्र ठेवल्या तर ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायला लावणाऱ्या खाण्याच्या आजाराची शक्यता फार मोठी आहे. निदान डॉक्टर तपासून करतील, पण निदानाचा कागद हातात येईपर्यंत घरात करायची कामं थांबायला नकोत. हा हट्ट नाही, नखरा नाही, आणि तुमच्या वाढवण्यातली चूकही नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. उपासमारीने हृदयावर ताण येतो, आणि आत्महत्येचा धोकाही असतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: कमी वयात, लवकर आणि घरच्यांना सोबत घेऊन उपचार झाले तर मुली पूर्ण बऱ्या होऊ शकतात.

आधी पीसीओडीबद्दल, कारण इथे बऱ्याच मुलींचे महिने वाया जातात. शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की मेंदू पाळीचं चक्र बंद करतो. मेंदूतून अंडाशयाला जाणारे हार्मोनचे इशारे मंदावतात, पाळी चालवणारे एलएच आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली जातात. अशा अंडाशयात सोनोग्राफीला अनेक लहान पिशव्या दिसू शकतात. तसंही नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये त्या सहज दिसतात. रिपोर्टवर 'पीसीओडी' असं येतं आणि सल्ला मिळतो वजन कमी करायचा, म्हणजे आजाराला नेमकं हवं तेच. खऱ्या पीसीओएसमध्ये (पीसीओडीचंच दुसरं नाव) चेहऱ्यावर राठ केस, हट्टी मुरुमं, पुरुषी हार्मोन वाढलेले अशा गोष्टी सापडतात. नऊ किलो उतरल्यानंतर थांबलेली पाळी ही वेगळी गोष्ट आहे. पाळी आणायच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण ती शरीराने स्वतः सुरू केलेली पाळी नसते. त्यामुळे सगळ्यांना वाटतं बरं झालं, आणि हाडं आतून विरळ होत राहतात. हाडांची आयुष्यभराची बहुतेक पुंजी अठराव्या वर्षापर्यंत साठते आणि या गोळ्या ती वाचवत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत जाल तेव्हा वजन कधीपासून आणि किती उतरलं ते तारखांसह लिहून न्या. पहिल्या भेटीत हे कुणी विचारलंच नसण्याची शक्यता बरीच असते.

पाळी कधी परत येईल, असं विचाराल. ती थांबली तेव्हाचं वजन गाठलं की लगेच येते असं नाही. अनेक मुलींना त्याहून साधारण दोन किलो अधिक लागतं, आणि त्यानंतरही काही महिने जातात.

आता मुलीच्या वागण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती स्वतः खात नाही, पण धाकट्या भावासाठी केक करते, पाककृतींचे व्हिडिओ तासन्‌तास बघते, पोळीचे नखाएवढे तुकडे करते, एका वाटीला पाऊण तास लावते, आणि आधी हसरी होती ती आता चिडचिडी झाली आहे. हे वाचताना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५चा प्रयोग आठवतो. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी, स्वखुशीने आलेल्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातलं चिवडत बसू लागले, जेवण लांबवू लागले, माणसं टाळू लागले, चिडू लागले, उदास झाले. या पुरुषांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाची भीती नव्हती. म्हणजे तुमच्या मुलीत आज जे विचित्र दिसतंय त्यातलं पुष्कळसं उपासमारीतून आलेलं आहे, तिच्या स्वभावातून नाही. म्हणून क्रम असा: आधी पोट, मग मन. उपाशी मेंदूशी समुपदेशनाच्या गप्पा करून फारसं काही हाती लागत नाही.

आणखी एक. तिने कधीच "मला जाड व्हायची भीती वाटते" असं म्हटलं नसेल, तर त्यावरून आजार नाही असं ठरवू नका. आपल्याकडच्या कित्येक मुली वजनाबद्दल बोलतच नाहीत. गॅस, पोट जड, मळमळ, भूक मेली, उपास आहे, असंच बोलतात. यातला काही भाग खरा असतो, कारण उपासमारीत जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि चार घासांत पोट तुडुंब वाटतं. हळूहळू नियमित खाण्यानेच ते सुधारतं. गॅसच्या गोळ्यांनी नाही, आणि "पोटाला आराम" देऊन तर मुळीच नाही.

हे तिच्याच बाबतीत का झालं? एक कारण सांगता येणार नाही, आणि ते शोधत बसून उपचार लांबवू नका. अंगभूत कल असतो: नेटकेपणाचा अतिरेक, चुकीची भीती, काळजीखोर स्वभाव, घराण्यात असे आजार. या दारूगोळ्याला ठिणगी लागते ती बहुतेक वेळा साध्या डाएटने. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १४-१५ वर्षांच्या मुलींवर झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक डाएट करणाऱ्या मुलींना पुढच्या सहा महिन्यांत खाण्याचा आजार होण्याचं प्रमाण डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघालं. मध्यम डाएट करणाऱ्यांतही ते पाचपट होतं. म्हणून वाढत्या वयाच्या मुलीने घरच्या घरी वजन कमी करायला घेणं ही कौतुकाची गोष्ट नाही.

त्यात हे वयच फसवं. साधारण १० ते १५ या वर्षांत मुलीचं वजन १५ ते २० किलो वाढणं अगदी स्वाभाविक आहे. पाळीच्या आधीच्या वर्षभरात कंबर, मांड्या, पोट भरतं, आणि उंची व पाळीसाठी शरीराला ती साठवण लागते. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, "काय गं, भरलीस की!" लग्नघरात मावशी म्हणते, नृत्याच्या क्लासला ताई म्हणतात, कबड्डीच्या वजनगटासाठी प्रशिक्षक दोन किलो उतरवायला सांगतात, वर्गात सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचला जातो. बोलणारा विसरतो, मुलगी तारखेसकट लक्षात ठेवते.

पडद्याचा वाटाही आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. तिथे भरल्या अंगाचं कौतुक असायचं. ॲन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्यावर लगेच आणि पुन्हा १९९८ साली केली. तीन वर्षांत, खाण्याच्या सवयींच्या प्रश्नावलीत धोक्याच्या रेषेवर गुण असलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं. तेव्हा गावात मोजके टीव्ही होते. आज तुमच्या मुलीच्या उशाशी फोन आहे, आणि डाएटचा एक व्हिडिओ पूर्ण पाहिला की तो तसेच आणखी दाखवत राहतो.

आता कामाला लागू.

या आठवड्यात डॉक्टरकडे

बालरोगतज्ज्ञ किंवा एमडी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही लागतील. शाळेच्या जुन्या आरोग्यपत्रकातली उंची-वजनं सोबत न्या. वाढीच्या तक्त्यावर ती कोणत्या रेषेवरून चालत होती आणि कुठे घसरली ते त्यावरून कळतं. मूळची जाड मुलगी झपाट्याने उतरून 'नॉर्मल' वजनाला आली तरी ती तितकीच आजारी असू शकते. अशा मुलींचं डॉक्टरसुद्धा अभिनंदन करून बसतात.

डॉक्टरांनी पाहायचं ते असं: झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, तापमान, ईसीजी, सीबीसी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). आपल्याकडे क्षयरोग, सिलिॲक (गहू न सोसण्याचा आतड्याचा आजार), मधुमेह यांचाही विचार करावा लागतो, कारण वजन त्यांनीही उतरतं. हे सगळं एका फेरीत होतं, त्यासाठी तीन महिने नकोत. उपासमारीत थायरॉइडचं टी३ हे हार्मोन खाली येतं. तो शरीराचा काटकसरीचा उपाय आहे, त्यावर थायरॉइडची गोळी नको. आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले तर निर्धास्त होऊ नका. शरीर शेवटपर्यंत रक्तातले आकडे सांभाळतं.

घरी एक गोष्ट आजच करा. ती पाच मिनिटं पडून राहिली की मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. जागेपणी ५०च्या खाली असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. "खेळाडूसारखं हृदय आहे" असं कुणी म्हणालं तर वजनाची घट पुन्हा सांगा. उपाशी मुलीची मंद नाडी म्हणजे तंदुरुस्ती नव्हे. याशिवाय लगेच भरती करायची कारणं: बेशुद्ध पडणं, वरचा रक्तदाब ९०च्या खाली, तापमान ९६ फॅरनहाइटच्या खाली, दिवसभर अन्न किंवा पाणी पूर्ण नाकारणं, वारंवार उलट्या, छातीत दुखणं किंवा धडधड, पायांवर सूज, आणि मरणाची भाषा. शेवटच्या गोष्टीबद्दल तिला सरळ विचारा: "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर फोनवर वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयात न्या.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. फार दिवस अगदी थोडं खाणाऱ्या किंवा मूळ वजनाच्या १५ टक्क्यांहून अधिक झपाट्याने गमावलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झर्रकन उतरू शकतं. त्याने हृदय आणि श्वास धोक्यात येतो. हा धोका पहिल्या आठवडाभरात सर्वाधिक. म्हणून पहिल्या दिवसापासून खायला सुरुवात करायची, पण किती वेगाने वाढवायचं हे डॉक्टर ठरवतील, फॉस्फरस पुन्हा पुन्हा तपासतील, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देतील. काही मुलींना हा आठवडा रुग्णालयातच काढावा लागतो. तुमच्या मुलीची घट बघता हे विचारून घ्या. मेडिक्लेम असेल तर भरतीच्या वेळी अडवणूक मान्य करू नका: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण देणं बंधनकारक केलं आहे.

घरात: ताट तुमच्या हातात

किशोरवयीन मुलींसाठी सर्वात भक्कम पुरावा असलेली पद्धत म्हणजे कुटुंबावर आधारलेली उपचारपद्धती. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात तिची पायाभरणी झाली. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १२१ मुलामुलींवरच्या चाचणीत या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के वर्षभरानंतर पूर्ण बरे होते. एकट्या मुलीशी बोलून केलेल्या उपचारात हे प्रमाण २३ टक्के होतं. कुटुंबावर आधारलेल्या पद्धतीचा गाभा सोपा आहे आणि आपल्या घरांना अनोळखी नाही. पहिल्या टप्प्यात खाण्याचे सगळे निर्णय आईवडील घेतात. वजन सावरलं की दुसऱ्या टप्प्यात ते हळूहळू तिच्या हाती परत देतात. तिसऱ्यात बाकीच्या वाढत्या वयाच्या गोष्टी. सहा महिने ते वर्षभर, साधारण वीस भेटी. जवळपास या पद्धतीचे तज्ज्ञ नसतील तर ऑनलाइन भेटी आणि गावातले बालरोगतज्ज्ञ, अशी जोडी जमवता येते.

दिवसातून तीन जेवणं आणि तीन वेळा मधलं खाणं. दोन खाण्यांमध्ये तीन तासांहून अधिक अंतर नको. वेगळा 'डाएट' स्वयंपाक नको, तुमच्या घरी जे शिजतं तेच, पण भरीव. डॉक्टरांनी वेग वाढवायला हिरवा कंदील दिला की एक दिवस साधारण असा दिसतो: सकाळी साय असलेलं दूध कपभर आणि तुपावरचा शिरा किंवा लोण्याबरोबर दोन थालीपिठं. अकराच्या सुमारास केळं आणि शेंगदाण्याचा लाडू. दुपारी तीन पोळ्या, उसळ, दाण्याचं कूट घातलेली भाजी, वरण-भात-तूप, वाटीभर दही. संध्याकाळी पोहे किंवा पराठा, सोबत मिल्कशेक. रात्री पुन्हा पूर्ण ताट. झोपताना दूध. हे खूप वाटेल. पण बरं होणाऱ्या मुलीला तिच्या वयाच्या निरोगी मुलीपेक्षा जास्त अन्न लागतं, कारण झीज भरायची असते आणि शरीर जागं झालं की अन्न भराभर जाळतं. पोट लहान झालेलं असताना सॅलड, सूप, ताक, काकडी यांनी जागा अडवू नका. मात्रा कमी पण ताकद जास्त अशा वस्तू कामी येतात: तूप, दाणे, तीळ, खोबरं, पनीर, अंडं, सुकामेवा.

ताट तुम्ही वाढायचं, तिने नाही. स्वयंपाक चालू असताना ती ओट्यापाशी नको. नाहीतर फोडणीतल्या तेलावर वाद सुरू होतो आणि जेवायच्या आधीच सगळे थकतात. ताट समोर आलं की तिच्या शेजारी बसा, समोर नाही.

मग पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते सांगतो, म्हणजे धक्का बसणार नाही. ती पोळी बोटांनी चाचपते, तूप कुठे लागलंय ते बघते. कडेचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवते. तुकडा ओठांपर्यंत नेते, परत ताटात ठेवते, पाणी पिते. "तीन कशाला, धाकट्याला दोनच वाढल्यात." मग डोळे भरतात: "तू माझा छळ करतेस." हे बोलणं तिचं आहे आणि नाहीही, त्या क्षणी घास तिला खरोखर धोक्यासारखा वाटतो. उत्तर शांत आणि छोटं हवं. "कठीण आहे, मला दिसतंय. हा घास घे." एवढंच. मग गप्प. मग पुन्हा, "पुढचा." पोषणाचं व्याख्यान नको, "माझ्यासाठी खा" नको, "आफ्रिकेतली मुलं" नको, कॅलरीचा हिशेब तर नकोच, कारण हिशेबात ती तुम्हाला हरवेल. विषय बदलायचा असेल तर मांजर, क्रिकेट, मामाचं गाव, काहीही चालेल, फक्त अन्न आणि शरीर सोडून.

जेवणाला अर्धा तास ते चाळीस मिनिटं, मधल्या खाण्याला वीस मिनिटं. उरलं तर तितक्याच ताकदीचं काहीतरी प्यायला द्यायचं, शिक्षा म्हणून नाही, औषधाचा चुकलेला डोस भरून काढावा तसं. जेवणानंतर तासभर एकत्र बसायचं: पत्ते, मालिका, भावाचा गृहपाठ. त्या तासात बाथरूम नको, जेवणाआधीच जाऊन यायचं. खिसे, रुमाल, दप्तराचा मागचा कप्पा यांच्याकडे लक्ष ठेवा, पण सापडलं म्हणून कोर्ट भरवू नका. मुली आणखी काय काय करतात याची यादी मी इथे मुद्दाम देत नाही. हे पान मुलीही वाचतात.

कुठे बिघडतं ते सांगतो. सर्वात जास्त बिघडतं ते घरातल्या दोन मोठ्यांचं एकमत नसल्यामुळे. आई तीन पोळ्या म्हणते, बाबा ऑफिसातून येतात आणि "रडतेय तर राहू दे, दोन खाल्ल्या ना" म्हणतात, आजी हळूच ताट उचलते. आजाराला तेवढी फट पुरते. म्हणून मुलीसमोर नव्हे, आधी बंद दाराआड ठरवून घ्या की आज काय आणि किती. आजींना समजावताना 'मानसिक' शब्दाने सुरुवात करू नका. "हृदय मंद झालंय, अन्न हेच औषध आहे, डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली आहे" हे त्यांना पटतं आणि ते खरंही आहे. दुसरी चूक म्हणजे सौदे: "हे खाल्लंस तर फोन." तिसरी, चार दिवस नीट गेले की ढील देणं. चौथी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती जास्त चिडली, जास्त रडली म्हणून उपाय चुकला असं समजणं. वजन चढू लागलं की मनातली भीती आधी वाढते, मग उतरते. पहिल्या चार आठवड्यांत साधारण दोन-सव्वादोन किलो वाढलं तर पुढची वाट चांगली असते. नाही वाढलं तर महिनाभर आणखी वाट न बघता उपचार वाढवायचे.

वजनकाटा आजच घरातून बाहेर काढा. वजन आठवड्यातून एकदा, दवाखान्यात. दोरीवरच्या उड्या, पीटी, खेळ, नृत्य सध्या बंद, आणि तिला तसं कारणासह सांगा: नाडी सुधारेपर्यंत हृदयावर भार नको. उपास पूर्ण बंद. चतुर्थी, महाशिवरात्र, नवरात्र, कोणताही नाही. आजारी माणसाला उपासातून सूट आपल्या रीतीतच आहे, ती घरातल्या वडीलधाऱ्याच्या तोंडून वदवून घ्या. धाकट्या भावाला पहारेकरी करू नका. त्याचं काम ताईशी खेळणं.

औषधांबद्दल थोडक्यात. ॲनोरेक्सियात वजन वाढवणारी जादूची गोळी नाही आणि भुकेचं टॉनिक निरुपयोगी. उदासी किंवा भीती फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ काही देतील, तो निर्णय त्यांचा. लोह कमी असेल तर भरून काढा. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के ॲनिमिक आहेत, त्यामुळे तिलाही असण्याची शक्यता आहेच, पण थकव्याचा सगळा दोष हिमोग्लोबिनवर टाकून मूळ आजार झाकू नका.

वजन न उतरताही आजार असतो, हे इतर पालकांसाठी. दिवसभर उपाशी, रात्री एकटीने भान हरपून खाणं, मग अपराधीपणाने उलटी, असं चक्र म्हणजे बुलिमिया. मुलगी बाहेरून ठणठणीत दिसते. जेवणानंतर लगेच बाथरूम, गालांच्या खाली सूज, बोटांच्या मागच्या सांध्यांवर व्रण, डबे अचानक रिकामे, या खुणा. धोका पोटॅशियम कमी होऊन हृदयाचा. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेला थर खरवडला जातो, चुळा भराव्यात. इथे ओरडण्याने चक्र घट्ट होतं. उपचारात पहिली गोष्ट पुन्हा तीच: नेमाने, वेळेवर, पोटभर खाणं. रात्रीचं भान हरपून खाणं हे बहुधा दिवसाच्या उपाशीपणातून येतं.

शाळा, फोन आणि लग्नसराई

परीक्षेचं विचारलंत. नाडी आणि रक्त ठीक असेल, जेवण घरी होत असेल, तर शाळेत जाऊ द्या. पण मधल्या सुट्टीतला डबा कुणाच्या तरी समोर संपला पाहिजे. वर्गशिक्षिकेला भेटा, सगळा इतिहास सांगायची गरज नाही: "डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्टाफरूमशेजारी बसून डबा खाईल, पीटी नाही." हे जमत नसेल तर सुट्टीत तुम्ही जा किंवा अर्धा दिवस शाळा करा. तब्येत घसरली तर परीक्षा सोडायची. नववीचं वर्ष पुन्हा करता येतं, आणि पहिला नंबर हे या मुलीच्या तब्येतीचं प्रमाणपत्र नाही. उलट सगळ्यात चांगली, सगळ्यात शिस्तीची असण्याची ओढ तिच्या आजारात मिसळलेली आहे. म्हणून "एवढी हुशार असून असं कसं" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

फोन हिसकावून घेऊ नका. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून, तिच्याच हाताने, डाएट आणि व्यायामाची खाती काढायला सांगा, तसे व्हिडिओ आले की 'नको' चं बटण दाबायला सांगा. पावलं आणि कॅलरी मोजणारी ॲप काढून टाका. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, तुमचाही.

तुमच्याबद्दलही एक नाजूक गोष्ट. आरशापुढे "केवढी सुटलेय मी", ताटापुढे "आज पाप केलं, दोन गुलाबजाम खाल्ले", हे आपण सहज बोलतो. पुढचं वर्षभर ते बंद. तुम्ही स्वतः रात्रीचं जेवण सोडत असाल तर तिच्यासोबत जेवायला सुरुवात करा. एकत्र जेवण हे वजन उतरवायच्या घातक सवयींपासून मुलींना संरक्षण देणाऱ्या गोष्टींपैकी आहे, असं मिनेसोटातल्याच मुलांच्या दीर्घ पाहणीतूनही दिसलं आहे. जुने घट्ट कपडे कपाटातून काढून ठेवा आणि नवे दोन सैल ड्रेस आधीच आणून ठेवा. चढलेलं वजन तिला ट्रायल रूममध्ये कळायला नको.

एप्रिल-मेमध्ये लग्नं येतील. जायचं असेल तर काकू, मावशी, आत्या यांना आधीच एकेक फोन करा. "बारीक झालीस" म्हणू नका, हे त्यांना समजतं. पण "तब्येत सुधारली हं!" आणि "आता कशी छान भरलीस" हेही नको, असं स्पष्ट सांगा, कारण तिच्या कानाला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं. त्यांनी काय बोलावं तेही सुचवून ठेवा: "मेंदी कुणी काढली गं? मला पण काढून देशील?" आणि पंगतीत तिच्या शेजारची जागा तुमची.